डोक्यावर साडेतीनशे पोती

जुलैचा तिसरा आठवडा. औसा घ्या, उदगीर घ्या, नाही तर नांदेडकडचं मुखेड किंवा कंधार; कृषी सेवा केंद्राच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत रांग लागलेली. रात्री युरियाची गाडी उतरली म्हणे. हातात आधारकार्ड, पॉस मशीनवर अंगठा. अंगठा उठला नाही की धोतराला पुसून पुन्हा. दुकानदाराचं पालुपद ठरलेलं: पोती दोन मिळतील, पण सोबत ही बाटली घ्यावी लागेल. पोत्यावर छापलेली किंमत २६६ रुपये ५० पैसे, वजन ४५ किलो. त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. बाकी सगळा त्या नत्राचा नुसता वाहक.

अशाच एका रांगेत उभा असताना मी पावतीच्या पाठीवर एक हिशेब केला होता. हवेला वजन असतं, हे शाळेत शिकलेलं. किती असतं ते कुणी मनावर घेत नाही. लातूर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच. या उंचीवर एक चौरस मीटर जागेवर उभी असलेली हवा, जमिनीपासून थेट वरच्या पोकळीपर्यंतची, भरते जवळपास ९ टन ६०० किलो. तिच्यात वजनानं पाऊण हिस्सा नत्र. म्हणजे सव्वासात टन. भागिले २० किलो ७००.

साडेतीनशे पोती.

रांगेतला प्रत्येक माणूस डोक्यावर साडेतीनशे पोत्यांचं नत्र घेऊन उभा असतो, आणि दोन पोत्यांसाठी अंगठा पुसत असतो. एकराचा हिशेब केला तर जीवच दडपतो. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावरच्या हवेत नत्र २९ हजार टनांच्या वर. युरियाच्या भाषेत १४ लाख पोती, छापील भावानं ३७ कोटी रुपये. ही इस्टेट सातबाऱ्यावर कुठल्याच रकान्यात लागत नाही, आणि कोरडवाहू अल्पभूधारकाच्या डोक्यावरही ती तेवढीच असते जेवढी बागायतदाराच्या.

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आपल्याकडे पाण्यासाठी वापरतात. खरी ती नत्राला लागू पडते.

कुलूप आहे ते रेणूत. हवेतलं नत्र सुटं नसतं. दोन-दोन अणू तिहेरी बंधानं एकमेकांना घट्ट धरून असतात. पिकाला सुटा अणू हवा, जोडी नको. आणि ही जोडी फोडणं म्हणजे निसर्गातल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक. विजेचा लोळ ती फोडतो, त्याच्या वाटेतली हवा ३० हजार अंशांच्या घरात तापते म्हणून. वीज कडाडली की रानाला खत मिळतं, असं जुनी माणसं सांगायची. खोटं नाही ते, पण माप बघा: साऱ्या पृथ्वीवरच्या विजा वर्षाला जे नत्र बांधतात ते सगळीकडे सारखं वाटलं तर एकरी साधारण ४० ग्रॅम येतं. आपल्याकडे विजा जास्त म्हणून दुप्पट-चौपट धरा. तरी मूठभरच.

माणसाला ही जोडी फोडायला १९०९ साल उजाडावं लागलं. जर्मनीत फ्रिट्झ हाबरनं हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये कार्ल बॉशनं ओपाऊला त्याचा कारखाना उभा केला. ४५०-५०० अंश तापमान, दाब वातावरणाच्या दोनशे पट. दोन किलोमीटर खोल पाण्याच्या तळाशी असतो तेवढा हा दाब. वर लोखंडाचा उत्प्रेरक आणि हायड्रोजनसाठी, हल्ली तरी, नैसर्गिक वायू. आज जगात या रीतीनं वर्षाला बारा कोटी टनांच्या आसपास नत्र बांधलं जातं. आपला देश एकटा वर्षाला साडेतीन कोटी टन युरिया रिचवतो. ४५ किलोच्या पोत्यांत मोजला तर ७७-७८ कोटी पोती. आजच्या माणसाच्या अंगातलं जवळपास निम्मं नत्र कधी ना कधी अशा एखाद्या कारखान्यातून गेलेलं आहे. तुमच्या-माझ्या दंडातलं, केसांतलं, नखांतलंसुद्धा.

तेच काम आपल्या रानात, २८-३० अंशांच्या मातीत, कसलाही आवाज न होता चालतं. सोयाबीन पेरून चाळीस दिवस झाले की एक झाड कुदळीनं खणून काढा. उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. बादलीत मुळ्या हलकेच धुवा. मुगाच्या दाण्याएवढ्या, कुठे ज्वारीएवढ्या गाठी दिसतील. सोटमुळाच्या वरच्या बोटभर लांबीत दाटीवाटीनं. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी रंग निघतो, चक्क मांसासारखा. तो रंग ज्या द्रव्याचा आहे ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं सख्खं भावंड. जोडी फोडणाऱ्या विकराला प्राणवायू सहन होत नाही, आणि जिवाणूला तर श्वासापुरता प्राणवायू हवाच. म्हणून हे गुलाबी द्रव्य प्राणवायू धरून ठेवतं आणि हिशेबानं सोडतं. झाडाच्या मुळात रक्ताचा भाऊबंद, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खोटी वाटली होती. मग गाठ फोडली.

शिफारशीप्रमाणे दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर धरलं तर एकरात पावणेदोन लाखांवर झाडं बसतात. झाडाला चाळीस गाठी धरल्या तर एकरात ७० लाख कारखाने. एकेका गाठीत जिवाणू कोटींनी. आणि हे झाले फक्त गाठीतले. गाठीबाहेरची माती चमचाभर उचलली तरी अब्जांचा मामला. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची नावं दिली आहेत: एक, दश, शत अशी सुरू होऊन कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व अशी चढत अठराव्या जागी परार्धावर थांबतात. एकावर सतरा शून्यं. एवढ्या मोठ्या संख्येला नाव देऊन बाराव्या शतकातल्या माणसानं काय मोजायचं ठरवलं असेल? मला एक उत्तर सापडलं आहे. एकराच्या वरच्या वीतभर मातीचं वजन आठ लाख किलोंच्या आसपास. ग्रॅममागे दहा कोटी जिवाणू धरले, आणि हा आकडा हात राखूनच धरलेला, तर एकरात पाऊण परार्ध भरतात. बऱ्या मातीत कित्येक परार्ध. ज्याच्या नावावर एक एकर काळी आहे त्याला तो शब्द रोज वापरायचा हक्क आहे.

हे जिवाणू फुकट राबत नाहीत. झाड त्यांना साखर पुरवतं, ते झाडाला नत्र देतात, आणि या व्यवहाराचा भावही ढोबळमानानं ठरलेला आहे: पाच ते सात किलो कर्ब द्यावा तेव्हा एक किलो नत्र मिळतं. लातूरच्या आडतीवर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे त्या काळाच्या कितीतरी आधीपासून हा सौदा मातीखाली चालू आहे. आणि इथंच कर्बाची गोष्ट सुरू होते, कारण झाडाच्या हातात द्यायला कर्बाशिवाय दुसरं काही नाही.

कर्बाचा हिशेब नत्राच्या बरोबर उलटा. नत्र डोक्यावर २९ हजार टन आणि पीक उपाशी; कर्ब त्याच एकरावर सात टनही नाही आणि पीक खुशाल जेवतं. हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सव्वाचारशे भाग. त्यातला निव्वळ कर्ब काढला तर एकरावरच्या अख्ख्या आभाळात पावणेसात टनांच्या आसपास येतो. कारखाने सुरू होण्यापूर्वी, दहा लाखांत २८० भाग होते तेव्हा, तो साडेचार टन होता.

आता शेजारचा उसाचा फड बघा. एकरी चाळीस टन उतारा देणारा चांगला ऊस. त्याचा कोरडा ऐवज, वर पाचट, वाढं, मुळ्या असं सगळं मिळून पंधरा-सोळा टन होतं, आणि त्यात कर्ब सरळ ४५ टक्के धरा: सात टन. म्हणजे एका पिकात उसानं आपल्या डोक्यावरचा सगळा कर्ब, पार आभाळाच्या टोकापर्यंतचा, ओरपून घेतला. हवा जागची हलली नसती तर दुसऱ्या वर्षी खोडव्याला जेवायला काही उरलं नसतं. वारा रोज नवी हवा आणून टाकतो म्हणून फड उभा राहतो. सांगायचं तर लातूरचा ऊस कुठल्या कुठल्या गावांची, आणि कुठल्या कुठल्या मोटारींची, हवा खाऊन वाढतो.

आणि साखर? साखरेच्या पोत्यात नत्राचा एक अणू नाही. कर्ब, हायड्रोजन, प्राणवायू. हवा आणि पाणी, बस्स. मांजरा नदीकाठच्या कारखान्यांतून साखरेची रेक भरून निघते तेव्हा जिल्ह्याच्या मातीतून तसं काहीच जात नाही. उसानं उचललेलं नत्र पाचटात, वाढ्यात, प्रेसमडमध्ये मागे राहतं. (पाचट पेटवलं नाही तर. काडी लावली की तेही धुरात गेलं.) हे वाचून कुणी ऊसवाला मिशीला पीळ देईल, म्हणून लगेच पाण्याचा हिशेबही मांडतो.

पान हवेतून कर्ब घेतं ते तोंड उघडून. आणि तोंड उघडं असलं की आतलं पाणी बाहेर उडतं. एक घास खायचा तर घडाभर पाणी सांडायचं, अशी ही खाणावळ. सोयाबीनच्या एका एकराला हंगामभर साधारण ४५० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे १८ लाख लिटर. त्यातून झाड कोरड्या वजनात दोन टन झालं तर कर्ब ९०० किलो. किलोभर कर्ब हवेतून खाली उतरवायला दोन हजार लिटर. २०१६ चा उन्हाळा लातूरकरांना सांगायला नको. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर; लोक फलाटावर हार घेऊन उभे होते. २० एप्रिलपासून पन्नास वाघिणींची गाडी, खेपेला २५ लाख लिटर. देशभर बातमी झाली. तर ती अख्खी पन्नास वाघिणींची गाडी एका रानात ओतली असती तर सोयाबीनचं किती रान भिजलं असतं? सव्वा ते दीड एकर. हंगामभरासाठी तेवढंच. आणि उसाच्या एका एकराला अशा तीन गाड्या लागल्या असत्या.

म्हणून उसाचं कौतुक नत्रापुरतं. त्याचा हिशेब पाण्यात द्यावा लागतो.

सोयाबीनचा हिशेब मात्र नत्रात द्यावा लागतो, आणि तो कुणी देत नाही. ‘सोयाबीन जमिनीला नत्र देतं’ हे वाक्य इतक्या भाषणांत, इतक्या शिबिरांत ऐकलं आहे की ते खरंच आहे असं वाटायला लागतं. अर्धं खरं आहे. सोयाबीनच्या दाण्यात छत्तीस-चाळीस टक्के प्रथिनं. क्विंटलमागे नत्र किमान सहा किलो. ज्वारीच्या दाण्यात याचा तिसरा हिस्सासुद्धा नसतो. एकरी आठ क्विंटल उतारा आला तर ४८ किलो नत्र पोत्यांत भरून रानाबाहेर गेलं. गाठींनी हवेतून आणलं किती? सगळ्या झाडाला लागणाऱ्या नत्रापैकी निम्मं, फार तर साठ टक्के. आकड्यात बत्तीस-पस्तीस किलो. बाकीचे चौदा-पंधरा किलो काळीनं आपल्या गाठीचे दिले. एक पोतं डीएपी टाकलं असेल तर त्यातले नऊ भरून निघाले. भुसकटही विकलं असेल तर खड्डा आणखी खोल.

लातूर जिल्ह्यात सोयाबीन साडेचार लाख हेक्टरांच्या पुढे, नांदेडात चार लाखांच्या. एकट्या लातूरचे एकर केले तर अकरा लाख. एकरी चौदा किलोंची तूट, वरचं खत न धरता, म्हणजे हंगामाला १५ हजार टन नत्र. युरियाची सात लाखांवर पोती. दिवाळीच्या आगेमागे लातूरच्या मार्केट यार्डात पन्नास हजार क्विंटलांची आवक झाली असं समजा. ५ हजार टन माल, दहा टनी ट्रक पाचशे. वजनकाटा, हमाली, तोलाई, ओलाव्याचं मशीन, सगळं मोजलं जातं. ओलावा बारावरून तेरा टक्के भरला की भाव पडतो. पण त्या एका दिवसात तीनशे टन नत्र, म्हणजे साडेचौदा हजार पोती युरिया, त्याच फाटकातून बाहेर जातं, त्याची नोंद कुठल्याच पट्टीवर नाही.

पुढे तेलाची मिल. इथं कर्ब आणि नत्राची फारकत होते, ती अगदी बघण्यासारखी. तेलात नत्र नाही. तेल म्हणजे पुन्हा हवा-पाणीच. सगळं नत्र पेंडीत, ज्याला मिलवाले डीओसी म्हणतात. क्विंटलमागे अठरा किलो तेल, ऐंशी किलो पेंड. ती जाते कोंबड्यांच्या खाद्याला. एका अंड्यात नत्र एक ग्रॅम. निलंग्याच्या किंवा अहमदपूरच्या रानातलं नत्र असं परप्रांतातल्या कुणाच्या आम्लेटात जाऊन बसतं, आणि तिथून पुढे जायचं तिथे जातं.

जायचं कुठे, तेही मोजू. मोठं माणूस रोज खाण्यातून जेवढं नत्र घेतं साधारण तेवढंच टाकतं: दहा ग्रॅम. शरीरात साठवायची सोय नाही. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहर साडेपाच लाखांचं होतं. रोजचं साडेपाच टन नत्र. युरियाची २६५ पोती. दररोज. लातूर तेव्हा पावणेचार लाखांच्या पुढे, त्याची १८० धरा. दोन्ही शहरं मिळून वर्षाला दीड लाखांवर पोती गटारात. गोदावरीवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा दाटतो तेव्हा लोक पालिकेला शिव्या देतात, पण तो गालिचा म्हणजे वाहून आलेल्या खताचं पीकच आहे, फक्त कुणी पेरलेलं नाही. आपल्या पूर्वजांना नत्र हा शब्द ठाऊक नव्हता, पण मैल्याच्या खताला त्यांनी नाव ठेवलं सोनखत. शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांचं लेंडीखत. धनगर रानात मेंढ्या बसवायचा आणि शेतकरी त्याला ज्वारी मोजून द्यायचा. माळावर दिवसभर चरलेलं नत्र रात्री काळीत उतरवून घ्यायची ती रीत होती. आमच्या लहानपणी मेंढरं आपल्याच रानात आधी बसावीत म्हणून भांडणं व्हायची. आता मेंढपाळालाच वाट सोडत नाहीत.

जमिनीखालचा साठा किती, हे माती परीक्षणाच्या कागदावर ‘सेंद्रिय कर्ब’ या एका ओळीत असतं. मराठवाड्यात तो आकडा अर्ध्या टक्क्याच्या अलीकडे-पलीकडे घोटाळतो. अर्धा टक्का ऐकायला चिल्लर. पण वीतभर मातीत तो चार टन होतो, आणि मीटरभर खोल गेलं तर वीस टन सहज. वरच्या अख्ख्या आभाळात सात, खालच्या मीटरभर मातीत वीस. कर्बाचं मोठं कोठार वर नाही, पायाखाली आहे. त्यात एक दशांश टक्का भर घालायची तर एकरात ८०० किलो कर्ब टिकवावा लागेल. शेणखताच्या अर्धा टनी गाडीत ताजा कर्ब पंच्याहत्तर किलो असला तरी मातीतले परार्धभर जिवाणू त्यातला बहुतेक श्वासावाटे उडवून टाकतात. गाडीमागे दहा-बारा किलो टिकला तर नशीब. म्हणजे सत्तर-ऐंशी गाड्या. ज्याच्या दावणीला दोन जनावरं उरली आहेत त्यानं सत्तर गाड्या कुठून आणायच्या? म्हणून तुरीचा बेवड चांगला म्हणतात तो उगाच नाही. तूर पिकता पिकता पाला गाळते, आणि त्या पाल्यातून कर्बही उतरतो, नत्रही.

या दोघांच्या चालीतला फरक कळायला लातूरचाच एक दगड घ्यावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतर भूगर्भ समजून घ्यायला तिथं खोल बोअर घेतलं गेलं, त्यात ३३८ मीटर जाडीचा काळा बेसाल्ट लागला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. या दगडातून आपली काळी तयार झाली. लोह, चुना, पोटॅश सगळं त्यानं दिलं. नत्र मात्र दगडात नव्हतं. आपल्या मातीतलं जवळपास सगळं नत्र आभाळातून उतरलेलं आहे, कुणा ना कुणा जिवाणूनं जोडी फोडून आणलेलं. आता हवेतला कर्बाचा एक अणू आजच्या वेगानं सरासरी चार-साडेचार वर्षांत कुठल्या तरी पानात किंवा समुद्रात उतरतो. नत्राच्या जोडीला खाली उतरायला एक कोटी वर्षं लागतात. किल्लारीचा दगड थंड झाला तेव्हापासून, हाच वेग धरला तर, कर्बाच्या दीड कोटी फेऱ्या झाल्या. नत्राच्या सहा-सात.

पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहून उतरलेलं हे नत्र परत जायला मात्र आठवडा पुरतो. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात लातूर-नांदेडची शेतं दिवसेंदिवस पाण्याखाली होती. काळीत पाणी साचलं की मातीतला प्राणवायू संपतो, आणि मग दुसऱ्या जातीचे जिवाणू श्वासासाठी नत्राच्या क्षारांतला प्राणवायू ओढून घेतात, आणि सुटं नत्र पुन्हा जोडी बांधून आभाळात जातं. गाठीही गुदमरतात. साचलेल्या पाण्यातलं सोयाबीन पिवळं पडतं ते म्हणून. लोक म्हणाले, पाणी लागलं. लागलं खरं, पण नत्राचंही विसर्जन झालं.

युरियाचं पोतंही याहून फार वेगळं वागत नाही. चुनखडीच्या काळीत युरिया वर फेकला की अमोनियाचा वास नाकाला लागतो. तो वास म्हणजे पैसेच. पोत्यातल्या २० किलो ७०० ग्रॅमपैकी पिकाच्या तोंडी सात-आठ किलो लागले तर बरं. पोत्यातल्या एकूण नत्राच्या किलोमागे दहा ग्रॅमांच्या आसपास भाग नायट्रस ऑक्साइड होऊन जातो, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. गणित केलं तर एका पोत्यामागे कार्बन डायऑक्साइडच्या मापात नव्वद किलोंचा ताप. पोत्याच्या वजनाच्या दुप्पट.

येत्या हंगामात एवढं करून बघा. पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, फुलं लागताना, रानाच्या चार कोपऱ्यांतून चार झाडं खणून काढा, मुळ्या धुवा आणि गाठी फोडा. आत गुलाबी दिसलं तर कारखाना चालू आहे, वरून युरिया फेकायची गरज नाही. हिरवट किंवा तपकिरी दिसलं, किंवा गाठीच चार-पाच निघाल्या, तर पुढच्या पेरणीला बियाण्याला रायझोबियम चोळा. बुरशीनाशक आधी, हे सगळ्यात शेवटी, आणि सावलीत. पाकीट त्याच कृषी सेवा केंद्रात मिळतं. त्याला रांग नसते.